बालोद्यानाचा माळी

सन 1849 च्या उन्हाळ्यातील गोष्ट. जर्मनीतील थुरिंगिया या डोंगराळ प्रदेशात लीबेनश्टाइन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील औषधी पाण्याच्या झऱ्यांमुळे उन्हाळ्यात दूरदूरची धनिक माणसे विश्रांतीसाठी तेथे येत. त्या वर्षी गावाजवळ एक वृद्ध गृहस्थ येऊन राहिला होता. शेतकऱ्यांची अनवाणी मुले गोळा करावीत, त्यांना टेकडीवर न्यावे, त्यांचे हात धरून फेर धरावा आणि गाणी म्हणावीत, हा त्याचा नित्यक्रम होता. साठी उलटलेला माणूस पोरांबरोबर नाचतो, हे पाहून लोक हसत. वेडा म्हातारा, असे त्याचे नावच पडले होते.

बर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या सरदार घराण्यातील विदुषीच्या कानी ही वार्ता गेली. कुतूहलाने ती तो खेळ पाहावयास गेली. थोडा वेळ पाहताच तिला कळून चुकले, की हे वेड नव्हे, ही तपश्चर्या आहे. हा वृद्ध म्हणजे फ्रेडरिक फ्रोबेल. लहान मुलांच्या पहिल्या शाळेला बालोद्यान हे नाव आणि रूप देणारा, आणि कागदाच्या साध्या चौकोनी तुकड्यालाही गुरूचे स्थान देणारा हाच तो शिक्षणतज्ज्ञ होय.

फ्रोबेलचा जन्म 21 एप्रिल 1782 रोजी थुरिंगियातील ओबरवाइसबाख या खेड्यात झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. फ्रेडरिक अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. वडिलांना आपल्या कामातून उसंत मिळत नसे. पुढे घरात सावत्र आई आली. आरंभी तिने त्याला माया लावली. परंतु तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर फ्रेडरिक परका झाला. लिहिण्यावाचण्यात तो मागे पडे, म्हणून वडीलही त्याला मंदबुद्धी समजत. त्यांनी त्याला गावातील मुलींच्या शाळेत घातले. त्याला सोबती थोडे होते आणि खेळ त्याहूनही थोडे. घरामागची बाग आणि भोवतालचे डोंगर हेच त्याचे जिवलग झाले. फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात, पानांची रचना न्याहाळावी, यात त्याचा दिवस जाई. ज्याला बालपणी कोणी खेळविले नाही, त्यानेच पुढे जगातील मुलांच्या खेळाची काळजी वाहिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दहाव्या वर्षी त्याच्या मामाने त्याला आपल्या घरी नेले. तेथे प्रथमच त्याला प्रेम आणि मोकळीक लाभली. पंधराव्या वर्षी तो एका वनाधिकाऱ्याजवळ उमेदवारीला राहिला. त्या अधिकाऱ्याला शिकविण्यास सवड नव्हती. परंतु त्याच्या घरी पुस्तके होती आणि बाहेर अफाट अरण्य होते. फ्रेडरिक दोन्ही वाचू लागला. पुढे येना येथील विद्यापीठात तो शिकावयास गेला. तेथे त्याने आपल्या भावाला पैसे उसने दिले. ते वेळेवर परत आले नाहीत, म्हणून खाणावळीचे देणे थकले आणि त्याला नऊ आठवडे विद्यापीठाच्या कोठडीत काढावे लागले. शिक्षण अर्धवट राहिले. त्यानंतर काही वर्षे कोठे जमीनमोजणी, तर कोठे हिशेबनीसाचे काम, अशी त्याची भटकंती चालू राहिली.

सन 1805 मध्ये वास्तुशास्त्र शिकावे या हेतूने तो फ्रँकफुर्ट शहरी आला. तेथील एका शाळेच्या मुख्याध्यापकाशी त्याची ओळख झाली. या तरुणाच्या अंगचा गुण त्या चाणाक्ष गृहस्थाने ओळखला आणि त्याला आपल्या शाळेत शिक्षकाची जागा देऊ केली. फ्रोबेल वर्गात उभा राहिला आणि आपण ज्याचा शोध घेत होतो ते हेच, अशी त्याची खात्री झाली. घरे बांधण्याचा विचार त्याने सोडला आणि माणसे घडविण्याचे काम हाती घेतले.

त्या काळी पेस्टालॉझी या स्विस शिक्षणतज्ज्ञाची कीर्ती युरोपभर पसरली होती. मुलांना शब्द पाठ करावयास लावू नयेत, वस्तू दाखवाव्यात, अशी त्याची शिकवण होती. फ्रोबेल त्याच्या इव्हर्डन येथील शाळेत आधी थोडे दिवस आणि नंतर 1808 ते 1810 अशी दोन वर्षे राहिला. या काळात एका सरदार कुटुंबातील तीन मुले त्याच्याकडे शिकत होती. कागद, पुठ्ठा आणि लाकूड यांची कामे तो त्यांच्याकडून करवून घेई. पेस्टालॉझीकडे तो पुष्कळ शिकला. तथापि त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. मुलाला वस्तू नुसती दाखवून पुरेल काय? ती त्याने हाताळावी, मोडावी आणि पुन्हा जुळवावी, तरच ती त्याची होईल, असे त्याला वाटू लागले.

या विचाराला बळ मिळाले ते एका अनपेक्षित ठिकाणी. बर्लिन येथे तो स्फटिकांच्या शास्त्राचा अभ्यास करू लागला. मध्यंतरी 1813 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो स्वयंसैनिक म्हणून सामील झाला. लष्करी तळावर त्याला लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ हे दोन जन्माचे मित्र मिळाले. युद्धाहून परतल्यावर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात तो काम करू लागला. तेथे कपाटांतून शेकडो स्फटिक मांडलेले असत. कोणाचे पृष्ठ चौकोनी, कोणाचे त्रिकोणी. ओबडधोबड दगडाच्या पोटी इतक्या रेखीव आकृती निसर्ग कोणत्या नियमाने घडवितो, याचे फ्रोबेलला नवल वाटे. साध्या आकारांतून गुंतागुंतीचे आकार निर्माण होतात, आणि हा क्रम मुलांच्या हाती दिला तर मुलेही जगाची रचना समजू शकतील, अशी त्याची धारणा झाली.

याच सुमारास त्याच्या कुटुंबावर आघात झाला. त्याचा थोरला भाऊ क्रिस्टोफ आजारी सैनिकांची शुश्रूषा करीत असता सन्निपात ज्वराने मृत्यू पावला. त्याचे तीन मुलगे पोरके झाले. फ्रोबेलने संग्रहालयातील नोकरी सोडली आणि 1816 मध्ये ग्रीसहाइम या गावी आपल्या पाच पुतण्यांना घेऊन शाळा उघडली. पुढच्या वर्षी ती शाळा काइलहाउ या खेड्यात गेली. दोघे मित्रही तेथे येऊन मिळाले. मुलांची संख्या हळूहळू साठाच्या घरात पोचली. 1826 मध्ये फ्रोबेलने मानवाच्या शिक्षणाविषयी आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु नव्या विचारांची शाळा म्हणजे राजद्रोहाचे केंद्र, असा संशय सत्ताधाऱ्यांना येऊ लागला. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने शाळेची स्तुती केली. तरीही पालक भ्याले. 1829 मध्ये शाळेत केवळ पाच मुले उरली. आयुष्यभराचे श्रम असे डोळ्यांदेखत ओसरत असता दुसरा एखादा खचून गेला असता. फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेला. तेथे त्याने शाळा चालविल्या, शिक्षक तयार केले आणि बुर्गडोर्फ येथील अनाथालयाची धुरा वाहिली. याच काळात त्याचे लक्ष अधिकाधिक लहान मुलांकडे वळले. सहा-सात वर्षांची होईपर्यंत मुलांकडे कोणी पाहतच नाही, आणि पाया तर तोवर घालून झालेला असतो, हे त्याच्या ध्यानात आले.

सन 1837 मध्ये फ्रोबेल आपल्या मायभूमीत परतला आणि ब्लांकेनबुर्ग या गावी खेळांची साधने तयार करू लागला. या साधनांना त्याने देणग्या असे नाव दिले. पहिली देणगी म्हणजे रंगीत लोकरीचे सहा मऊ चेंडू. दुसऱ्या देणगीत लाकडाचा गोल, घन आणि नळकांडे ही तीन भावंडे असत. गोल सदा घरंगळतो, घन जागचा हलत नाही, आणि नळकांडे उभे केले तर स्थिर राहते, आडवे केले तर धावू लागते. अशा रीतीने दोन परस्परविरोधी वस्तूंना जोडणारी तिसरी वस्तू असते, हे मूल खेळता खेळता शिके. पुढील देणग्यांत एका घनाचे आठ लहान घन, आठ विटा, असे तुकडे असत. ते वेगळे करावेत आणि खेळ संपला की पुन्हा पूर्ण घन करून पेटीत ठेवावा, असा नियम होता.

या देणग्यांच्या जोडीला त्याने हस्तव्यवसाय योजिले. त्यांत मातीकाम होते, शिवणकाम होते, भिजविलेले वाटाणे आणि काड्या यांची जोडणी होती. परंतु सर्वांत साधे आणि स्वस्त साधन होते ते कागदाचे. लाकडाचे घन करावयास सुतार लागतो, लोकरीचा चेंडू विणावयास वेळ लागतो. कागदाचा तुकडा मात्र गरिबाच्या घरीही सापडतो. कागदाची होडी करण्याची युक्ती काही फ्रोबेलने शोधून काढलेली नव्हती. कागदाला घड्या घालण्याची हौस युरोपात आणि जपानात त्याच्या पूर्वीपासूनच होती. फ्रोबेलने केले ते एवढेच, की त्या हौसेला त्याने क्रम दिला, आणि त्या क्रमातून शिक्षणाचे एक साधन उभे केले.

या साधनाची रीत मोठी सोपी होती. लांबट कागदाचा एक कोपरा धरून त्याची आखूड कड लांब कडेवर आणावी आणि घडी दाबावी. उरलेली पट्टी कापली की हाती बिनचूक चौरस येतो. त्यासाठी पट्टी नको की गुण्या नको. कापलेली पट्टीही वाया जात नसे. ती विणकामाला उपयोगी पडे. चौरस उलगडला की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली घडीची रेघ दिसे. चौरसाचे दोन सारखे त्रिकोण झाले, हे मुलाला कोणी सांगावे लागत नसे. त्याच्या बोटांनीच ते केलेले असे. मग चारही कोपरे मध्यबिंदूवर आणावेत. लहान चौरस तयार होतो, आणि त्यावर कागदाचा दुहेरी थर सर्वत्र सारखा बसलेला असतो. अर्थात नवा चौरस मूळ चौरसाच्या बरोबर निम्मा असला पाहिजे. पुन्हा कोपरे मध्यावर आणले की तो पाव होतो. ज्या मुलाला अजून पाढे येत नाहीत, त्याला अर्धा आणि पाव यांचे मर्म अशा प्रकारे हाताने कळे.

घड्यांतून तीन तऱ्हेच्या आकृती निघत. होडी, टोपी, पवनचक्की, मीठदाणी अशा नित्य पाहण्यातील वस्तू ही पहिली तऱ्हा. त्रिकोण, चौकोन, कोन आणि अपूर्णांक दाखविणाऱ्या आकृती ही दुसरी, आणि फुलासारख्या किंवा चांदणीसारख्या शोभेच्या आकृती ही तिसरी. जीवन, ज्ञान आणि सौंदर्य ही तिन्ही एकाच कागदात वसतात, हे फ्रोबेलला दाखवावयाचे होते. आकृती आवडली नाही तर कागद उलगडता येई आणि त्याच घड्यांवरून दुसरी आकृती करता येई.

कागद कापण्याच्या कामातही त्याने एक सुंदर नियम घातला होता. घडी घातलेला कागद कातरीने कापला, की मधली आकृती तेवढी ठेवून बाकीचे तुकडे केरात टाकावेत, असे चालत नसे. प्रत्येक तुकडा मध्यभागाभोवती समतोल साधून मांडावयाचा. एकही तुकडा शिल्लक राहता कामा नये. यामुळे मुलांना प्रमाणबद्धता कळे आणि काटकसरही कळे. कागदाच्या चटया विणताना एक पट्टी वर, दोन खाली, अशी मोजदाद आपोआप होई. शिक्षकाच्या खिशाला भार न पडता संख्या, आकार आणि सौंदर्य यांचे धडे मिळत.

या शाळेला नाव काय द्यावे, हा विचार फ्रोबेलच्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. असे सांगतात, की 1840 च्या वसंत ऋतूत मित्रांसह डोंगरवाटेने ब्लांकेनबुर्गकडे येत असता, खाली पसरलेली दरी पाहून त्याला ते नाव एकाएकी सुचले. ते नाव म्हणजे किंडरगार्टन, अर्थात मुलांची बाग. 28 जून 1840 रोजी त्या नावाची संस्था स्थापन झाली. बाग म्हटली की माळी आला. रोपट्याला ओढून कोणी वाढवीत नाही. त्याला पाणी आणि ऊन मिळेल एवढे माळी पाहतो. शिक्षकाचे काम तेच आहे, असे फ्रोबेल मानी. हे काम स्त्रिया उत्तम करतील, असाही त्याचा विश्वास होता. शिक्षकी पेशा पुरुषांचाच समजला जात असलेल्या त्या काळात त्याने तरुण स्त्रियांना शिकवून तयार केले. त्याबद्दल त्याला उपहास सोसावा लागला. पण त्याने माघार घेतली नाही.

त्याच्या संसारात मात्र सुख फार टिकले नाही. संस्था स्थापन होण्यापूर्वी एक वर्ष, 1839 मध्ये, त्याची पत्नी हेन्रिएट निवर्तली. तिने काइलहाउच्या हालअपेष्टांत त्याला मनोभावे साथ दिली होती. दुःख मनात ठेवून तो गावोगाव फिरत राहिला. नवी बालोद्याने निघू लागली. 1850 मध्ये लीबेनश्टाइनजवळ मारियेनथाल येथे बालोद्यानाच्या शिक्षिकांसाठी विद्यालय सुरू झाले. आयुष्याची संध्याकाळ तरी आता शांतपणे जाईल, असे त्याच्या चाहत्यांना वाटू लागले.

परंतु 7 ऑगस्ट 1851 रोजी प्रशिया राज्याच्या सरकारने आपल्या हद्दीतील बालोद्यानांवर बंदी घातली. ही शाळा मुलांना धर्मापासून आणि राज्यव्यवस्थेपासून दूर नेते, असा तिच्यावर आरोप होता. त्यातही नवल असे, की फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या एका पुस्तिकेमुळे काका आणि पुतण्या यांच्यात गल्लत झाली होती. फ्रोबेलने खुलासा पाठविला. तो मान्य झाला नाही. एकोणसत्तर वर्षांच्या त्या वृद्धाला हा घाव फार लागला. जर्मनी सोडून अमेरिकेला जावे, असाही विचार त्याने करून पाहिला. आपण लावलेली बाग आपल्याच देशात उपटली जाताना पाहणे त्याच्या नशिबी आले. पुढच्याच वर्षी, 21 जून 1852 रोजी, मारियेनथाल येथे त्याचे देहावसान झाले. बंदी अद्याप कायम होती.

सरकारच्या आज्ञेने शाळा बंद होते. परंतु जी गोष्ट माणसांच्या हातात उतरली आहे, ती बंद होत नाही. फ्रोबेलच्या शिष्या देशोदेशी गेल्या. मारेनहोल्ट्स-ब्यूलो हिने युरोपातील अनेक देशांत व्याख्याने दिली. 1860 मध्ये प्रशियाने बंदी उठविली. त्यापूर्वीच, 1856 मध्ये, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन गावी मार्गारेटे शुर्ट्‌स या शिष्येने बालोद्यान उघडले होते. 1876 मध्ये टोकियो येथे बालोद्यान सुरू झाले, आणि जपानच्या जुन्या घडीकलेशी फ्रोबेलच्या घड्यांचा मेळ बसला. त्याच वर्षी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका मातेने फ्रोबेलची साधने पाहिली आणि ती आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतली. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट.

भारतातही या विचाराचे एक बीज चांगले रुजले. मद्रास येथे 1893 मध्ये तंडलम सुंदरराव यांचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. केवळ कागदाला घड्या घालून भूमिती कशी शिकता येते, हे त्यात दाखविले आहे. समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन अशा कितीतरी आकृती त्यात घड्यांनीच सिद्ध केल्या आहेत. बालोद्यानातील कागदी घड्यांवरून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन याने या पुस्तकाची दखल घेतली आणि 1901 मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. थुरिंगियातील खेड्यातून निघालेला कागद मद्रासला आला आणि भूमितीचे पुस्तक होऊन परत पश्चिमेला गेला.

फ्रोबेलच्या पश्चात काही ठिकाणी या साधनांचा विपर्यासही झाला. शिक्षिकेने आज्ञा करावी आणि सर्व मुलांनी एकाच वेळी एकसारखी घडी घालावी, असा कवायतीचा प्रकार सुरू झाला. खेळाचे काम झाले आणि कामाचा कंटाळा आला. पुढील शिक्षणतज्ज्ञांनी यावर टीका केली, ती योग्यच होती. पण तो दोष कागदाचा नव्हता. मुलाला स्वतः शोधू द्यावे, हा मूळ हेतू जेथे शाबूत राहिला, तेथे तोच कागद पुन्हा बोलू लागला.

मारियेनथालजवळ श्वाइना या गावी फ्रोबेलची समाधी आहे. तिच्यावर एकावर एक तीन दगडी आकार रचले आहेत. खाली घन, त्यावर नळकांडे आणि सर्वांत वर गोल. त्याची दुसरी देणगीच तेथे दगडाची होऊन उभी आहे. त्याचा जिवलग मित्र मिडेनडॉर्फ याने ही कल्पना काढली. जर्मनीत नाताळच्या दिवसांत कागदाच्या चार पट्ट्या गुंफून मुले एक चांदणी करतात. ती चांदणी फ्रोबेलच्या नावाने ओळखली जाते. आईवाचून वाढलेल्या आणि मंदबुद्धी ठरविलेल्या त्या मुलाची दगडी समाधी एका गावात आहे. पण जेथे जेथे एखादे मूल कागदाचा चौरस हाती घेऊन कोपऱ्याला कोपरा जुळवू लागते, तेथे तेथे त्याची शाळा भरलेली असते.